उडी एकसाथच मारायची!

माणसांकडून काम करून घेणं ही एक कला आहे आणि अख्ख्या तलासरी तालुक्यात ती फक्त माझ्याकडे आहे, असं माझं स्पष्ट मत होतं. होतं म्हणजे, अजूनही आहे. पण हल्ली मी ते बाजारात मोठ्याने बोलत नाही!

मी उमेश. तलासरीच्या बाजारात शेतकऱ्यांच्या एका सहकारी संघाचं ऑफिस आहे, तिथला व्यवस्थापक. खत, बियाणं, फवारणीचे पंप, असला आमचा कारभार. ऑफिस पहिल्या मजल्यावर आणि खाली तळमजल्यावर दक्षाबेनचं भांड्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, स्टीलचं जंगलच! छताला हुक ठोकलेले आणि त्या हुकांना बादल्या, कळशा, झारे, पराती, सगळं वटवाघळासारखं उलटं लटकलेलं. इमारत जुनी, लोखंडी गर्डरवर लाद्या टाकलेली. पण मजबूत. आमच्याकडे अधूनमधून जमीन हादरते, तेही त्या इमारतीने आजवर निमूट सोसलंय. माझ्यासारखा व्यवस्थापक मात्र तिने तोवर सोसला नव्हता.

झालं असं, की एका दुपारी चारच्या चहानंतर मी केबिनमध्ये महत्त्वाचं काम करत बसलो होतो. (मोबाइलवर व्हिडिओ बघत होतो. पण व्हिडिओ महत्त्वाचा होता!) तेवढ्यात बाहेरून हसण्याचा आवाज आला. ऑफिसच्या वेळात! मी दार उघडलं आणि दारातच थबकलो.

हिशेब बघणारी संगीता मोबाइलवर गाणं लावून टेबलांच्या मधोमध गरबा खेळत होती. कॉम्प्युटरवाला मिथुन दोन खुर्च्यांच्या मध्ये पालथा पडून दंड मारत होता. आवक-जावक सांभाळणारी रविना कानात मोबाइलचा इअरफोन घालून जिना चढत-उतरत मैत्रिणीशी गप्पा मारत होती. आणि आमचे गोदामवाले चिमणकाका स्टुलावर बसून, डोळे मिटून, माशा हाकलणाऱ्या म्हशीसारखी सावकाश मान फिरवत होते.

"काय चाललंय हे?"

"व्यायाम, सर!" संगीता गिरकी न थांबवता म्हणाली. "दिवसभर बसून कंबर धरते. म्हणून चहानंतर थोडा वेळ ज्याला जे आवडेल ते करतो. महिना झाला. किती बरं वाटतं!"

"व्यायाम? आणि हसताय?"

"मग काय रडू?"

आता तुम्हीच सांगा, खरा व्यायाम करताना कुणाला हसताना पाहिलंय? जिमच्या बाहेर लावलेले फोटो आठवा. दात आवळलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या, चेहरा आठ दिवस पोट साफ न झाल्यासारखा! त्याला म्हणतात व्यायाम. आणि इथे ही मंडळी महिनाभर चक्क मजा करत होती, तीही माझ्या परवानगीशिवाय!

नेमका मी जो महत्त्वाचा व्हिडिओ बघत होतो, तो व्यायामावरच होता. त्यात एक पिळदार गृहस्थ ओरडून सांगत होते, 'जोर वाढवा! बोलता येत असेल तर तुमचा व्यायाम कमी पडतोय!' मला ते एकदम पटलं. माझ्या हाताखालची माणसं बोलू शकत नाहीत, ही कल्पनाच किती सुंदर होती!

दुसऱ्याच दिवशी मी शिट्टी विकत आणली.

"आजपासून चारचा व्यायाम माझ्या देखरेखीखाली," मी जाहीर केलं. "सगळ्यांनी एकच प्रकार करायचा. जागच्या जागी उड्या. एकाच वेगाने, एकाच वेळी, पूर्ण जोर लावून. उडी एकसाथच मारायची!"

"सर, मी गरबाच करते ना," संगीता म्हणाली. "त्यातही घाम येतो."

"गरबा हा सण आहे, व्यायाम नाही."

"साहेब, मला मान फिरवली की बास होतं," चिमणकाका म्हणाले.

"काका, एवढ्या मोठ्या शरीरात मान ती केवढी?"

"पण दुखते तीच ना, साहेब."

मिथुन तेवढा खूश दिसला. तरणा पोरगा, त्याला उड्यांचं काय! पण त्याचा उत्साह सगळ्यांच्या पुढे धावायला लागला. इतरांची एक उडी होईतो याच्या तीन. मी लगेच शिट्टी मारली. "मिथुन, हळू! सगळ्यांबरोबर!"

"सर, मला एवढ्याने काहीच होत नाही. मी जोरात मारू?"

"जोर किती लावायचा ते मी ठरवणार."

दोन दिवसांत त्याचंही तोंड शिळ्या वड्यासारखं झालं. मला समाधान वाटलं. शिस्त लागत होती!

"आणि तुम्ही काय करणार, सर?" रविनाने विचारलं.

"मी शिट्टी वाजवणार. एसटीचा कंडक्टर कधी गाडी ढकलतो का?"

"आमच्या गावच्या गाडीचा ढकलतो," चिमणकाका म्हणाले.

पहिला आठवडा झकास गेला. कुणी बोलत नव्हतं, हसणं तर लांबच. चार वाजत आले की ऑफिसमध्ये दहावीच्या निकालासारखी शांतता पसरायची. मग हळूहळू विचित्र गोष्टी व्हायला लागल्या. संगीताच्या एकाच आत्याचं डहाणूला दोनदा ऑपरेशन झालं. रविनाचा पाय जिन्यावर मुरगळला. त्याच जिन्यावर ती महिनाभर चढ-उतार करत होती! चिमणकाका चारच्या ठोक्याला गोदामात जायचे आणि आतून कडी लावायचे. मी दार ठोठावलं की आतून आवाज यायचा, "उंदीर मोजतोय, साहेब!"

सगळ्यात आश्चर्य म्हणजे शेतकऱ्यांचं. एरवी आमच्या ऑफिसात शेतकरी आला की त्याला तीन टेबलं फिरवून 'उद्या या' म्हणायची जुनी पद्धत. आता पावणेचारला कुणी जिन्यात दिसला, की माझी सगळी माणसं त्याच्यावर झडप घालायची!

"या काका, बसा! पाणी घ्या. रविना, काकांना चहा!"

"नको ताई, मला एक पिशवी बियाणं…"

"असं कसं! कोणतं बियाणं, जमीन कशी आहे, सगळं सविस्तर बोलू. घाई नाही ना? घाई करू नका हं!"

उधव्याकडचा एक म्हातारा तर भांबावून माझ्या केबिनमध्ये आला. "साहेब, मी काही केलं नाही. मला जाऊ द्या," म्हणाला.

मला मात्र भरून आलं. व्यायामामुळे कर्मचाऱ्यांमध्ये सेवाभाव जागा झाला, असाच मी याचा अर्थ लावला.

मी राहायला सरावलीला. संध्याकाळी घरी गेल्यावर मी हे सगळं आमच्या हर्षदाला अभिमानाने सांगितलं. ती रोज डहाणूच्या किनाऱ्यावर मैत्रिणीबरोबर फिरायला जाते. चालणं कसलं ते! दोन पावलं चालायची, थांबून शिंपले बघायचे, पुन्हा गप्पा. मी एकदा बरोबर जाऊन 'वेग वाढव, वेग वाढव' म्हणून तिला सुधारायचा प्रयत्न केला होता. तेव्हापासून ती मी आंघोळीला गेलो की चपला घालते.

"अहो, ती माणसं तुम्हाला शिव्या देत असतील," हर्षदा म्हणाली.

"शिव्या द्यायला दम उरतो कुठे त्यांना!"

"मग मनात देत असतील. त्याला दम लागत नाही."

बायकोला नेतृत्वातलं काय कळणार! मी सरळ आमच्या अध्यक्षांना फोन लावला. प्रविणभाऊ म्हणजे उत्साही माणूस. आणि फोटो म्हटलं की त्यांचा उत्साह दुप्पट. रस्त्यावरचा खड्डा बुजवतानाचा त्यांचा फोटो आहे. खड्डाही अजून आहे.

"व्वा उमेश!" ते म्हणाले. "कर्मचाऱ्यांचं आरोग्य! असा फोटो अजून कुणाकडे नाही. मी येतो बघायला. जमलं ना नीट, तर जिल्ह्याच्या संघावर तुझंच नाव सुचवतो."

जिल्ह्याचा संघ! मला पालघरच्या ऑफिसातली माझी फिरती खुर्ची डोळ्यांपुढे दिसायला लागली.

ठरलेल्या दिवशी प्रविणभाऊ पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आले. मी त्यांना झेंडूचा हार घातला. टेबलं भिंतीला सरकवली. आत्या, पाय, उंदीर, सगळी कारणं रद्द करून सगळ्यांना रांगेत उभं केलं. तरी फोटोला गर्दी कमी वाटत होती, म्हणून गोदामातून काकड्या आणि धाकल्या या दोन हमालांनाही वर बोलावलं. दोघेही दरवाजाएवढे.

"साहेब, आम्ही सकाळपासून गोणी उचलतोय," काकड्या म्हणाला.

"ते काम. हा व्यायाम."

काकड्याने धाकल्याकडे बघितलं. धाकल्याने छताकडे बघितलं. पण उभे राहिले बिचारे.

"मिथुन, तू फोटो काढ. बाकीचे तयार! पूर्ण जोर! सगळे एकदम वर, सगळे एकदम खाली! एक… दोन… तीन… उडी!"

धडाम!

काय सांगू तुम्हाला! खिडकीची तावदानं थरारली. अध्यक्षांच्या पुढ्यातला चहा बशीत आला. मी खूश! शिट्टी मारत राहिलो. उडी! धडाम! उडी! धडाम!

आणि तेवढ्यात खालून असा आवाज आला, की जणू एखादं लग्नाचं जेवण दरीत कोसळलं. खणखण-खळ्ळ-ठणाण! आणि त्यावर चढलेली दक्षाबेनची किंकाळी:

"धरतीकंप! अरे भागो रे भागो!"

हा शब्द आमच्या बाजारात दुसऱ्यांदा उच्चारावा लागत नाही. इतर गावांत लोक आधी 'काय झालं?' विचारतात. आमच्याकडे आधी पळतात, विचारायचं ते मैदानात पोचल्यावर. इतक्या वर्षांत सगळ्यांचा हात, म्हणजे पाय, बसलाय. वडेवाल्याने एका हाताने गॅस बंद केला आणि दुसऱ्या हाताने कढईतला वडा घेऊन तो पळाला. सलूनमधून एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने निघालं, आणि त्याच्या मागोमाग वस्तरा उंच धरलेला न्हावी. लांबून बघणाऱ्याचा भलताच गैरसमज व्हावा!

आणि मी? अशा प्रसंगी वरिष्ठाने काय करायचं असतं? सगळ्यांना धीर द्यायचा, आधी बायकांना आणि वयस्करांना काढायचं आणि स्वतः शेवटी निघायचं. हे मला तोंडपाठ आहे. जिना उतरताना मला ते आठवलंसुद्धा. पण तोवर मी रस्त्यावर पोचलो होतो.

माझ्या मागे प्रविणभाऊ, गळ्यात हार, एका पायात बूट. त्यांच्या मागे बाकीचे. सगळ्यात शेवटी चिमणकाका, मान फिरवत.

मैदानात अख्खा बाजार जमला होता. मी ताबडतोब शिट्टी वाजवून सूत्रं हातात घेतली. "भिंतीपासून लांब! खांबापासून लांब! मधे उभे राहा!" दक्षाबेन माझ्यापुढे येऊन रडायलाच लागली.

"अरे उमेशभाई, बधी डोल, सगळ्या बादल्या नीचे पडी! असा धक्का कधी नाही बघितला. एकदम तालात! धडाम… धडाम… धडाम!"

"साडेतीन रिश्टरचा असेल," पानवाला म्हणाला.

"चारपेक्षा कमी नाही," वडेवाला म्हणाला आणि हातातला वडा खाल्ला.

प्रविणभाऊंनी तेवढ्यात मिथुनला मोबाइल धरायला लावून, 'या संकटात संघ जनतेच्या पाठीशी ठामपणे उभा आहे' असं सांगून टाकलं. बोलताना ते एका पायावर उभे होते.

रविना फोन ठेवत म्हणाली, "सर, माझा मामा विवळवेढ्याला असतो. तिथे काहीच जाणवलं नाही. डहाणूलाही नाही."

"साहजिक आहे," मी जाणकार आवाजात म्हणालो. "याचा केंद्रबिंदू इथेच असणार. आपल्या पायाखाली."

त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेलं एवढं एकच वाक्य खरं होतं!

बराच वेळ काही हललं नाही. लोक चुळबुळत परतले. आम्हीही वर गेलो. मला वाटलं, आता अध्यक्ष निघतील. पण मिथुनच्या मोबाइलमधले फोटो बघून त्यांचा चेहरा पडला.

"अरे, यात तर सगळे जमिनीवरच आहेत! हवेत असताना पाहिजे. सगळे एकदम हवेत, आणि पुढे मी. पुन्हा घ्या."

"भाऊ, भूकंपात उड्या?" संगीता कळवळून म्हणाली.

मी अध्यक्षांकडे बघितलं. पालघरची फिरती खुर्ची डोळ्यांपुढून हळूच मागे सरकताना दिसली. माझं डोकं अशा वेळी फार वेगाने चालतं.

"संगीता, विचार कर. उडी मारली की पाय कुठे असतात? हवेत. मग जमिनीचा धक्का तुला बसणार कुठून? भूकंपात उडीसारखी सुरक्षित गोष्ट नाही! चला, एकसाथ! मघापेक्षा उंच!"

धडाम! खणखण-ठणाण! "धरतीकंप!"

पुन्हा जिना. पुन्हा मी पहिला. पण या वेळी मैदान खचाखच! जवळच्या शाळेने मुलं बाहेर काढली होती. एसटीच्या ड्रायव्हरने प्रवाशांसकट गाडी उलटी घेऊन मैदानात आणून लावली होती. कुणीतरी मोबाइलवर वाचून दाखवत होतं, की तिसरा धक्का सगळ्यात मोठा असतो. ही बातमी कुठून आली, कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून सगळ्यांनी ती पुढे पाठवली. पाड्यांवर फोन गेले. कुणी घरच्यांना बाहेर बसा सांगत होतं, कुणी गुरं सोडा म्हणत होतं. एक पोर भोकाड पसरून रडत होतं. मला एवढंच सुचलं, की आता फोटोचं काय?

तर या वेळी मिथुनचा हात हलला होता. फोटोत फक्त काकड्याचा गुडघा आला होता.

"फोटो झाल्याशिवाय मी हलणार नाही," प्रविणभाऊ म्हणाले. मग काय, मी सगळ्यांना घेऊन पुन्हा वर गेलो.

आता दक्षाबेन. दुसऱ्या धक्क्यानंतर तिने ठरवलं, की जीव गेला तरी चालेल, पण उरलेली भांडी उतरवून ठेवायची. बाजारातले बाकीचे मैदानात राहिले, ही एकटी दुकानात येऊन स्टुलावर चढली. तिने एका बादलीला हात घातला, आणि बरोबर डोक्यावरून तिला माझा खणखणीत आवाज ऐकू आला:

"पूर्ण जोर! एक… दोन… तीन… उडी!"

धडाम. तिच्या हातावर कळशी.

ती खाली उतरली नाही. तिथेच कान लावून उभी राहिली.

"शाब्बास! पुन्हा! एक… दोन… तीन… उडी!"

धडाम. शेजारी पातेलं.

वर आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. उलट या वेळी किंकाळी नाही, पळापळ नाही. मला वाटलं, चला, निसर्ग शांत झाला! मी तिसऱ्या उडीसाठी शिट्टी तोंडात धरली, आणि दारात दक्षाबेन दिसली. हातात हा एवढा झारा. आणि तिच्या मागे तिने मैदानातून हाक मारून आणलेला न्हावी, त्याच्या मागे ते अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक.

मी दचकलो. शिट्टी आपोआप वाजली. आणि शिस्त बघा, शिट्टीबरोबर माझी सगळी माणसं तिच्या डोळ्यांदेखत उडाली!

धडाम.

खाली उरलीसुरली परात पडली. ती गोल गोल फिरत बराच वेळ वाजत राहिली.

"उमेशभाई," दक्षाबेन हळू आवाजात म्हणाली, "आ धरतीकंप तमे करो छो?"

चिमणकाका पुढे झाले.

"साहेब करवतात," ते म्हणाले. "आम्ही नुसते उडतो."

मी मदतीसाठी अध्यक्षांकडे वळलो. प्रविणभाऊ हार काढून माझ्या टेबलावर ठेवत होते. "मी तर आत्ताच आलो," ते म्हणाले. "हे काय चाललंय इथे?"

मैदानात जाऊन सगळ्यांना सांगायचं काम अर्थातच माझ्यावर आलं. एसटीच्या पायरीवर चढून मी सांगितलं. शब्द बरेच फिरवले. 'कर्मचारी आरोग्य उपक्रमातून उद्भवलेली तांत्रिक कंपनं' असं काहीतरी म्हणालो. पण न्हाव्याने मागून एका वाक्यात उलगडा केला: "हे वर उड्या मारत होते!"

मला वाटलं, लोक हसतील. कुणी हसलं नाही. पुढेच बायजी उभी होती, बाजारात भाजी विकणारी म्हातारी. कडेवर नातू.

"दोनदा पळाले मी," ती म्हणाली. "या पोराला घेऊन. दुसऱ्या वेळी पडले." तिने कोपर दाखवलं. खरचटलेलं होतं. "तुला उड्याच माराच्या तर शेतात मार ना, बाबा. आमचा जीव कशाला घेतो?"

मी पायरीवरून खाली उतरलो. तेवढं तरी कुणी न सांगता केलं. बायजीची सांडलेली भाजी वेचायला वाकलो, तर तिने माझ्या हातावर फटका मारला. "राहू दे. तू हात लावला तर तीपण उडेल."

आणि मग मैदान हसलं. असं हसलं, की हसण्याने जमीन हादरली असती तर साडेपाचचा धक्का नोंदला गेला असता!

त्या संध्याकाळी दक्षाबेनच्या दुकानात शिडीवर चढून प्रत्येक बादली, प्रत्येक कळशी मी पुसून पुन्हा हुकाला लटकवली. खालून ती सूचना देत होती. "वर! अजून वर! जल्दी! एटलुं धीमे नही चाले!" माझे हात भरून आले, घामाने शर्ट अंगाला चिकटला. मी म्हणालो, "दक्षाबेन, माझ्या गतीने करू द्या ना. करतोय ना मी?"

तिने फक्त झारा दाखवला.

जिल्ह्याच्या संघावर अर्थातच दुसऱ्या कुणाचं तरी नाव गेलं. प्रविणभाऊंनी माझ्याकडून व्यायामाची जबाबदारी काढून घेतली आणि इमारतीत उडी मारायला कायमची बंदी घातली. दुसऱ्या दिवशी चारला मी केबिनचं दार लावून बसलो. बाहेर गाणं लागलं. थोड्या वेळाने हसणं ऐकू आलं. मिथुन मैदानावर जाऊन त्याला हव्या तेवढ्या उड्या मारून, लालबुंद होऊन, खूश होऊन परतला. रविनाचा पाय बरा झाला. काकांचे उंदीर संपले. आणि शेतकऱ्यांना पुन्हा 'उद्या या' ऐकू यायला लागलं, हे एक नुकसानच म्हणायचं!

काही दिवसांनी संगीताने दार वाजवलं. "सर, या ना बाहेर. तुम्हाला जमेल ते करा."

"काय करू?"

"ते आम्ही कसं सांगणार?"

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. कुणी शिट्टी मारत नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. अवघडल्यासारखं झालं. मग हात जरा मागेपुढे हलवले. मग थोडे जास्त. मग गाण्याबरोबर पाय आपोआप हलायला लागले. दम लागला तेव्हा थांबलो. बरं वाटलं तेव्हा पुन्हा सुरू केलं. खरं सांगू? मजा आली. घरी हर्षदाला विचारलं, उद्या किनाऱ्यावर मीही येऊ का? ती म्हणाली, "या. पण मागून चाला. आणि तोंड बंद ठेवा."

इथे गोष्ट संपली असती तर माझी थोडी तरी इज्जत राहिली असती.

पण परवा मी दक्षाबेनच्या दुकानात डबा घ्यायला गेलो होतो. ती मला झाकण लावून दाखवत होती, आणि अचानक डोक्यावरच्या बादल्या खणखणल्या. कळशा एकमेकींवर आपटल्या. मी बाहेर बघितलं. बाजारात एक माणूस हलला नाही. एकही! सलूनमधून, वड्याच्या गाडीवरून, पानाच्या टपरीवरून सगळ्यांनी फक्त तोंडं वर केली आणि आमच्या ऑफिसच्या खिडकीकडे बघून एका सुरात ओरडले:

"ओ उमेशभाई! बस करा की आता!"

दक्षाबेनने तर झारा उचलून छतावर दाणदाण आपटला. "बंद करो, उमेशभाई! बंद करो!"

मग तिचं लक्ष समोर गेलं. समोर मी. हातात डबा.

"तमे तो अहीं छो," ती म्हणाली.

"हो."

"तो पछी उपर कोण छे?"

"वर कुणीच नाही. सगळे गोदामात आहेत."

बादल्या अजून वाजत होत्या. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

धक्का हलकाच होता, कुणाला काही झालं नाही. पण त्या वेळी पळताना जोर किती लावायचा, वेग किती ठेवायचा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं आणि आयुष्यात प्रथमच अगदी मनापासून, पूर्ण ताकदीने धावलो.

तरी दक्षाबेन माझ्या पुढे होती!